कडुलिंब टांगलेल्या दाराआड

पोर्तुगालची प्रजा असणं म्हणजे काय, ते मला गोव्यात असताना कधी जाणवलं नाही. ते कळलं सेलूत. बार्देशातल्या एका ख्रिस्ती घरातली मी, मुंबईत नर्सिंग शिकले आणि निजामाचा अंमल जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा सेलूच्या एका खाजगी दवाखान्यात बाळंतपणं करायला आले. कापसाच्या बाजाराचं गाव. तिथल्या बायका पहिल्या दिवसापासून माझी उलटतपासणी घेत.

"बाई, तुमचा मुलूख कोन्चा?"

"गोवा."

"म्हंजी इंग्रजाचा?"

"नाही, पोर्तुगीजांचा."

"अगं माय! त्यो अजून हाय का हिकडं?"

मग सगळ्या हसत. मीही हसत असे. माझा थोरला भाऊ म्हापशाला पोर्तुगीज सरकारच्या कचेरीत कामाला होता आणि ही गोष्ट मी सेलूभर मिरवली होती. लांबच्या गावी माणसाला स्वतःचं काहीतरी मोठं सांगावंसं वाटतं. ती बढाई एक दिवस माझ्याच गळ्यात येईल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मी राहायला एका शेतकरी कुटुंबाच्या घरात होते. घरच्या मालकीणबाईंना मी मावशी म्हणत असे. जमीन बरी होती, बैलजोड्या होत्या, लेकी सासरी गेलेल्या, घरी दोन मुलगे होते. थोरल्याचं लग्न झालेलं आणि धाकटा कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलेला. मावशी माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे बघून म्हणत, "तुमचा देव लय वाळलाय बाई, त्याला काय खाया देता का न्हाई?" दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी फाडकन बोलले असते. मावशींना मी काही बोलले नाही, कारण त्या क्रुसाला रोज सकाळी स्वतःच्या देवांबरोबर एक जास्वंद ठेवत. मी नको म्हटलं तरी ठेवत.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक धनगरीण आली. गावाबाहेर कोसावर मेंढपाळांची वस्ती होती, तिथली. तिची आधीची दोन बाळं जन्मतानाच गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस होते. पोटावर हात ठेवला आणि मला कळलं, मूल पायाकडून आहे. पुढच्या दोन्ही तपासण्यांना तसंच होतं. पायाळू मूल काढायला हात शिकलेले लागतात. वस्तीवरच्या म्हातारीला ते जमणार नव्हतं, आधीच्या दोन वेळी जमलंही नव्हतं. परभणीच्या मोठ्या दवाखान्यात जा म्हटलं तर नवरा मान खाली घालून उभा राहिला. मेंढरं कुणावर टाकायची? मग मी त्याला खडसावून सांगितलं, "कळ सुरू झाली की तडक निघायचं. दिवस असो, रात्र असो. वाटेत कुणाशी बोलत बसायचं नाही, मला घेऊन जायचं. हे मूल मी जगवणार आहे."

ती म्हणाली, "तुमी हायत म्हनल्यावर मला घोर न्हाई बाई."

हे वाक्य मी त्या वेळी खुशाल खिशात घातलं. माणसं आपल्यावर भरवसा टाकतात तेव्हा किती सुख होतं!

श्रावणात मावशींच्या सुनेला मुलगा झाला, माझ्याच हातावर. त्या बाळंतपणावरून माझं आणि मावशींचं एक भांडण झालं ते खोलीवरून. बाळंतिणीची खोली म्हणजे घराच्या पार आतली, एका खिडकीची, आणि ती खिडकीही लावलेली. घराच्या नि खोलीच्या, दोन्ही दारांना कडुलिंबाचे डहाळे टांगलेले, उंबऱ्याशी लोखंडी विळा, बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी, तिच्यात ओवा नि शेपा. धुरानं माझेच डोळे गळत होते, तर त्या अंगठ्याएवढ्या जिवाचं काय! मी म्हटलं, ही काळकोठडी आहे. मी ताडकन खिडकी उघडली. मावशी म्हणाल्या, "वारं लागल." मी म्हटलं, "लागू दे." शेवटी मावशी हरल्या. घरात सोयर होतं, त्या खोलीत पुरुष पाऊल टाकत नव्हते, मावशींचा थोरलासुद्धा दारातूनच "बरं हाय ना?" विचारून पळत होता. तिथं फक्त माझं राज्य होतं आणि मी ते दामटून चालवत होते.

त्याच दिवसांत गोव्याच्या सत्याग्रहाची हवा गावात आली. पत्रकं आली, सभा झाल्या, आणि एका सकाळी मावशींचा धाकटा म्हणाला, "मी चाललो." सेलूतून पाच-सहा पोरं निघाली होती. मावशींनी रडून घेतलं, मग दशम्या बांधल्या. स्टेशनवर त्याला ओवाळायला मीही गेले. काय तोंडानं गेले कोण जाणे. तो माझ्याच गावाकडे चालला होता, माझ्याच भावाच्या सरकारशी भांडायला. तो वाकून पाया पडला आणि थट्टेनं म्हणाला, "बाई, तुमच्या भावाला काय निरोप?" मला वाटलं होतं की मी मनानं त्या पोरांच्या बाजूची आहे. होतेच. पण माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "जपून जा. तिकडं पाऊस फार असतो."

पंधरा ऑगस्टला सरहद्दीवर गोळ्या झाडल्या गेल्या. बातमी दुसऱ्या दिवशी आली आणि गाव बंद झालं. जिनिंगचे भोंगे वाजले नाहीत, दुकानांच्या फळ्या लागल्या. आमचे डॉक्टर परभणीला शोकसभेला निघून गेले आणि जाताना मला म्हणाले, "तुम्ही बाहेर पडू नका, पोरं तापलेली आहेत." कोण मेलं, कोण जखमी, काही कळत नव्हतं. मावशींच्या धाकट्याचा काहीच पत्ता नव्हता. मोर्चा निघाला. फिरंग्यांच्या नावानं शिव्या होत्या, पाद्र्यांच्या नावानंही होत्या. दवाखान्याच्या पाटीवर माझं नाव नव्हतं, नुसतं 'नर्स' होतं, तरी तिच्यावर दगड बसला. मोर्च्यातला कुणीतरी ओरडला, "हिचा भाऊ तिकडं गोळ्या घालायलाय!" भाऊ बिचारा कचेरीत कागदांवर शिक्के मारत होता. पण मिरवलेलं माझंच होतं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

मी माझ्या खोलीत ट्रंकेवर बसून होते. मी घाबरले होते, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. पुढच्या गोष्टीची वाटते.

मावशी आत आल्या. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, चेहरा सुजला होता. जिचं पोर माझ्या मुलखात जगलं की मेलं ठाऊक नाही, ती आई आता माझं काय करील, असं माझ्या मनात आलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "चला, आत चला. सुनंच्या खोलीत."

"मावशी, तुमचा मुलगा तिकडे..."

"पोरगं देवाच्या हाती हाय. तुमी माज्या हाती हायत. उठा."

जाता जाता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. रझाकारांच्या धास्तीनं त्या पोरांना घेऊन वऱ्हाडात पळाल्या होत्या आणि तिथं एका परक्या घरानं त्यांना ठेवून घेतलं होतं. परत आल्या तर इथं वारं उलटं फिरलेलं. तेव्हा शेजारच्या मुसलमान शिंप्याच्या बायकोला त्यांनी याच खोलीत ठेवलं. थोरल्या लेकीचं बाळंतपण चालू होतं. माणसं काठ्या घेऊन अंगणापर्यंत आली, दारावरचा कडुलिंब बघून मागं फिरली. "बाळंतिणीच्या खोलीत कोन शिरतंय बाई? कितीबी तापला तरी त्याला त्याची माय आठवती."

आणि मग त्यांनी माझी खिडकी लावली. "तुमचं वारं आता ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. थोरल्या मुलाला बजावलं, कुणीही येऊन विचारलं तर सांगायचं, बाई काल रात्रीच्या गाडीनं गेल्या. घरातल्या सगळ्यांना हेच बोलायला लावलं. कामाच्या बाईलाही हेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पोळा होता. सोयर असल्यामुळे घरच्या बैलांची पूजा भाऊबंदांनी केली, खांद्यांना हळद-तूप त्यांनीच लावलं. मला आतून फक्त घुंगरांचा आणि लांबवर, मारुतीच्या देवळापाशी, बैलांच्या मंगलाष्टकांचा आवाज येत होता. गावानं हरताळ पाळला, पण बैलांचा सण मोडला नाही. खोलीत धूर होता, अंधार होता, उकाडा होता. मी बाजेशेजारी गोधडीवर बसले होते आणि सून मला पुरणपोळी भरवण्याचा हट्ट करत होती. बाळंतीण ती, म्हणून पथ्य तिला, आणि पोळी मला! बाळाला उचकी लागली तेव्हा मी त्याच्या छातीवर हात ठेवला. ती थांबली.

दिवेलागणीच्या सुमाराला अंगणात कुत्रं भुंकलं. झिमझिम पाऊस होता. पुरुषाचा आवाज आला. शब्द मला नीट ऐकू आले नाहीत, पण 'बाई' एवढा एक शब्द कळला. सुनेनं माझं मनगट धरलं. मावशींचा थोरला मोठ्यानं म्हणाला, "न्हाईत. गेल्या. काल रातच्याच गाडीनं." मग त्या माणसानं पुन्हा काहीतरी हळू विचारलं आणि थोरला म्हणाला, "सांगता येत न्हाई. परत येतेत का न्हाई, कुनाला ठावं." मग पावलं गेली. कुत्रं गप्प झालं.

त्या क्षणी मला जे वाटलं ते मी कधी विसरले नाही. अंगभर ऊब पसरत गेली. कडुलिंबाचं दार, विळा, मावशी, त्यांचा मुलगा, सगळे माझ्या आणि जगाच्या मधे उभे होते. आईच्या घरीही मला इतकं निर्धास्त कधी वाटलं नव्हतं. मी चक्क झोपले. बाळाशेजारी, गाढ.

दोन-तीन दिवसांनी धाकटा परत आला. डोक्याला पट्टी, हात गळ्यात बांधलेला, पण जिवंत. स्टेशनवरून त्याला मिरवत आणलं. घरी आल्यावर त्यानं पहिलं काय केलं असेल, तर मला बाहेर बोलावलं आणि मोर्च्यातल्या त्याच पोरांसमोर मोठ्यानं सांगितलं की सरहद्दीपलीकडे जखमी अवस्थेत त्याला पाणी पाजलं ते एका ख्रिस्ती म्हातारीनं. ते खरं होतं की माझ्यासाठी रचलेलं होतं, मी त्याला कधी विचारलं नाही. पोरं ओशाळली. एकानं पाटी पुसून सरळ केली. माझी भीती संपली, इतकी सहज की तिची मलाच लाज वाटली. कुणी मला बोटही लावलं नव्हतं.

त्याच दुपारी मी पिशवी घेऊन वस्तीकडे निघाले. धनगरणीचे दिवस भरत आले होते आणि तपासायला उशीर झाला होता, म्हणून पाय उचलून चालत होते. मनात आणखी काही नव्हतं.

ती खोपटात पडलेली होती. पोट सपाट. शेजारी कुणी नव्हतं.

मी काही विचारायच्या आधीच तीच म्हणाली, "आलाव का बाई? पोचलाव व्हत्या का नीट? माज्या जिवाला लय घोर लागला व्हता तुमचा."

मी खाली बसले. तिची नाडी बघितली, ताप बघितला, टाके घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. मूल पायाकडून आलं होतं, खांद्यापर्यंत आलं होतं, आणि डोकं अडकलं. मुलगी होती. म्हातारीनं जे जमलं ते केलं.

नवरा मेंढरं सोडून धावत आला. हात जोडून उभा राहिला, जणू अपराध त्याचाच.

"म्या आल्तो बाई. पोळ्याच्या सांजंला. तुमी गेल्ता म्हनले."

"अडलीय असं का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला. कुणावर चढला ते मलाही सांगता आलं नसतं. "मावशींच्या थोरल्यानं तुला ओळखलं नसेल. अंधार असेल, डोक्यावर घोंगडी असेल. एक शब्द बोलला असतास तर..."

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. जी गोष्ट सगळ्यांना माहीत असते ती मला कशी माहीत नाही, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मग हळू म्हणाला, "बाळंतिनीच्या दारात उभं ऱ्हाऊन अडलेलीचं नाव कसं काढावं बाई? दारावर निंब व्हता. त्या लेकराला काय झालं असतं मंग?"

मग तो तिच्याकडे वळून म्हणाला, "म्या हिला बी तेच म्हनलं. बरं झालं बाई गेल्या. हितं लोक येडे झाल्ते. बाईंचा जीव तर वाचला."

ती म्हणाली, "परवासानं दमून आल्या असतील. दूध द्या की त्यान्ला."

त्यानं शेळी पिळली आणि काशाच्या वाटीत दूध आणलं. मी ते प्याले. नाही म्हणायला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं. ती दोघं माझं दूध संपेपर्यंत कौतुकानं बघत होती आणि मी एक-एक घोट खाली ढकलत होते. तिनं विचारलं, "कवा आलाव?" मी म्हटलं, "आज सकाळी." हे एवढं खोटं माझं स्वतःचं. बाकीचं मला मायेनं आयतं मिळालेलं होतं.

घरी येऊन मी मावशींना सगळं सांगितलं. धान्य निवडता निवडता सूप त्यांच्या मांडीवर तसंच राहिलं. मग म्हणाल्या, "मी जाऊन सांगते त्याला. खोटं आमी बोलल्याव. तुमच्या माथी कशाला?"

मी त्यांना जाऊ दिलं नाही. मी म्हटलं, तुमच्या घरानं मला वाचवलं, त्याची अशी फेड नको. बोलायला ते फार चांगलं वाटलं. पण मला भीती होती ती वेगळीच. मावशी गेल्या असत्या, तर त्याला कळलं असतं की मी आत होते. वीस हातांवर, दुसऱ्याच्या बाळाची उचकी थांबवत. वीस हात असतील का? मी नंतर कितीदा तरी अंगणापासून त्या खोलीपर्यंत बघत उभी राहिले. माणूस साधारण आवाजात हाक मारील तर ऐकू येईल, इतकंच ते अंतर होतं. खिडकी उघडी असती तर मी त्याचा आवाज नक्की ओळखला असता. आणि ओळखला असता तर उठले असते का, हे मी स्वतःला विचारते तेव्हा उत्तर दर वेळी 'हो' असं येतं, पण ते फार लवकर येतं.

मावशींना त्यानंतर ती खोली कधी निर्धास्तपणे झाडता आली नाही. वर्षभरात त्यांनी तिथं कापसाच्या बोंद्र्या भरल्या. आमच्यात त्याचा विषय पुन्हा निघाला नाही. एकदाच, जेवताना, त्या आपणहून म्हणाल्या, "कुनाचं चुकलं म्हनावं, काय सापडंना." मी म्हटलं, "चुकलं कुणाचंच नाही मावशी." आणि दोघींचाही घास थांबला. चूक कुणाची तरी असती तर तिच्यावर रागावता आलं असतं. इथं सगळे चांगलेच वागले होते. मावशी, त्यांचा मुलगा, तो धनगर, वाट बघत पडलेली त्याची बायको. मीच काही वागले नव्हते. मला नुसतं सुरक्षित वाटलं होतं.

धनगरणीला त्यानंतर मूल झालं नाही. मी तिला मुंबईच्या डॉक्टरांची औषधं आणून दिली, माझ्या पैशांनी, खूप वर्षं. ती सगळ्या वस्तीत सांगायची, बाई माझ्यासाठी किती जीव टाकतात. जत्रेला आली की माझ्यासाठी लोकर आणायची, कधी खरवस आणायची. माझ्या हाताला यश आहे, असं गावभर म्हणत. मला ते ऐकवत नसे आणि 'नाही' म्हणताही येत नसे.

साठ साली मी सेलू सोडलं. भाऊ आजारी होता, आणि सरहद्दीचे कागद एकदाचे मिळाले होते. स्टेशनवर मावशी आल्या, सून आली, तो पाच वर्षांचा नातू आला, धाकटा ट्रंक उचलायला आला. गाडीची घंटा व्हायच्या आत धनगर आणि त्याची बायको धावत-पळत पोचली. तिनं माझ्या मांडीवर विणलेली घोंगडी ठेवली. मग कमरेवर हात ठेवून, दम खात, हसत म्हणाली, "या बारीला सांगून चाललाव बाई. लय बरं केलं."

नवरा हसला. मावशींनी पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे बघितलं.

गाडी सुटायला अजून थोडा वेळ होता. खरं सांगायला तेवढा वेळ पुष्कळ झाला असता. मी खिडकीतून वाकले आणि तिला म्हटलं, "पायाला तेल लावत जा गं. किती भेगा पडल्यात."